काटेवाले आणि पुढे गेलेलं घड्याळ

बसच्या आगारात ज्यांना लहानथोर सगळे ‘काटेवाले’ म्हणत, त्यांना घाईत असलेलं कोणी पाहिलं नव्हतं. खांद्याला चामड्याची पिशवी, तिच्यात पेचकस, तेलाची कुपी आणि मऊ फडकं. बगलेत घडीचं स्टूल. चालणं असं की ड्रायव्हर मंडळी म्हणत, “तासकाटा निघाला रे. पोचेल दुपारपर्यंत.”

आगारात घड्याळं पुष्कळ. फलाटांवर, तिकीटखिडकीवर, कँटीनमध्ये, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत. आणि नियंत्रण कक्षात काचेच्या कपाटात सगळ्यांवरचं मुख्य घड्याळ, लंबकाचं. तिथून आगारभर तारा गेलेल्या. मिनिट भरलं की मुख्य घड्याळ तारेतून एक ठोसा धाडायचं आणि सगळीकडचे काटे एकदम एक घर पुढे सरकायचे. कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण मुख्य घड्याळाला आगारात सासूबाई म्हणत आणि बाकीच्या सगळ्या सुना. सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा. सुनांना स्वतःचं डोकंच नव्हतं. ठोसा आला, पाऊल टाकलं.

तरी सुना त्या सुनाच. एखादी ठोसा चुकवून मागे राहायची. तिच्या पोटातलं बटण दाबून तिला पुढे ढकललं की झालं. खरी पंचाईत पुढे गेलेलीची. तारेत काही खरखर झाली की ती एकाऐवजी दोन ठोसे मोजायची आणि बसायची पुढे जाऊन. तिला मागे आणता येत नसे. घडणच तशी, काटे फक्त पुढे जाणारे. उपाय एकच, तिची तार काढायची आणि खरी वेळ चालत चालत तिच्यापाशी येईपर्यंत थांबायचं. काटेवाले याला ‘शहाण्याला बसवणं’ म्हणत. मग ते घड्याळाखाली स्टूल उघडून चहा मागवायचे आणि घड्याळाबरोबर स्वतःही बसायचे.

“कोणाला बसवलंय आज?” असं तिथून जाणारा भोंगा हमखास विचारायचा. भोंगा म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याला हॉर्न लागत नाही, खिडकीतून नुसतं ‘सरका’ म्हणाला तरी रस्ता मोकळा होतो, अशी त्याची ख्याती.

“हे काय, डोक्यावर आहे. फार शहाणं झालं होतं.”

“आमच्या घरी पण एक आहे. येता का तार काढायला?”

“तुझ्या घरची तार काढली तर तूच बंद पडशील.”

असं सगळं मजेत चाललेलं असताना एक दिवस आगारप्रमुखांनी काटेवाल्यांना खोलीत बोलावलं. आगारप्रमुखांचं प्रत्येक वाक्य ‘मी काय म्हणतो’ने सुरू व्हायचं, आणि पुष्कळदा तिथेच संपायचं. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं.

“मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “नवीन घड्याळं येतायत.”

“बरं.”

“नेटवर्कची.”

“बरं.”

“मी काय म्हणतो, तुमचं वय बघता...”

हे मात्र काटेवाल्यांनी समजून घ्यायचं नाकारलं. ते तसेच उभे राहिले. मग साहेबांना वाक्य पुरं करावं लागलं. कंपनीचा इंजिनियर सगळी यंत्रणा बसवणार, तिची माहितीची पुस्तिका देणार, आणि थोड्या दिवसांनी येऊन काटेवाल्यांची तोंडी परीक्षा घेणार. पास झाले तर घड्याळं त्यांच्याकडेच. नापास झाले तर टायर विभाग.

टायर विभाग आगाराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली. तिथे कामाला गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात कंबर धरतो आणि मग ती सोडतच नाही. पण काटेवाल्यांनी धसका घेतला तो कमरेचा नव्हे. तिथे घड्याळ नव्हतं. भिंतच नव्हती, तर घड्याळ कुठे टांगणार?

इंजिनियर आला. पोरगेलासा, हसतमुख, वाकून नमस्कार करणारा. तिसऱ्या वाक्याला त्याचं बारसं झालं.

“म्हणजे बेसिकली काय आहे काका, की छतावर हा अँटेना. हा बेसिकली उपग्रहाकडून वेळ घेणार. तो देणार खालच्या या डब्याला. हा डबा बेसिकली आपला सर्व्हर. आणि फलाटावरची घड्याळं बेसिकली याला विचारणार, की बाबा रे, किती वाजले.”

“डबा सांगणार नाही आपणहून?”

“नाही. बेसिकली विचारलं तरच.”

“आणि ठोसा?”

“ठोसा नाही काका. प्रेमाने.”

दुपारपर्यंत आगारभर तो ‘बेसिकली’ झाला होता. काचेचं कपाट चौघांनी उचलून भांडारात नेलं. फलाटांवर काटे जाऊन लाल आकडे आले, आणि कँटीनमध्ये भोंग्याने जाहीर केलं, “काटे गेले, काटेवाले राहिले.” सगळे हसले. काटेवालेही हसले, पण हसू उरकून सगळ्यांच्या आधी उठले.

पुस्तिका हातात आली तेव्हा त्यांनी ती उघडली, मिटली आणि उलटी करून पुन्हा उघडली. तरी फरक पडेना. ‘अनुगामी घटक मुख्य घटकास कालपृच्छा करून प्रतिसाद-विलंबाचे निराकरण करतो.’ सूचनाबाईंनी, म्हणजे गाड्यांच्या सूचना देणाऱ्या बाईंनी, ते वाक्य त्यांच्या खांद्यावरून वाचलं. या बाई माइकपासून दूर असल्या तरी माइकसमोर असल्यासारख्याच बोलत. “कृपया लक्ष द्यावे,” त्या म्हणाल्या, “हे वाक्य आपल्या नियोजित अर्थापेक्षा उशिराने धावत आहे.”

घरी बायको शिवणयंत्रावर बसलेली. आतल्या खोलीत आई पलंगावर. आईला ऐकू कमी येत असे, पण ऐकू येऊ नये ते सगळं यायचं.

“अहो, परीक्षा कधी आहे?”

“येईल तेव्हा येईल. मला काही हे जमायचं नाही.”

“आणा इकडे.” बायकोने पुस्तिका घेतली, तोंडातली टाचणी काढून एका ओळीवर टोचली. “हं. प्रतिसाद-विलंब म्हणजे काय?”

“ते कळलं असतं तर पुस्तिका घरी आणली असती का?”

इतक्यात आतून आवाज आला, “सूनबाई, किती वाजले गं?”

बायकोच्या हाताखाली बाही होती. तिने टीप पुरी केली, दोरा तोडला, मग भिंतीकडे बघून वेळ सांगितली. आतून पुन्हा विचारणा, “काय?” तिने पुन्हा सांगितली. मग आईचा आवाज, “हे मगाचंच सांगतेयस. आता किती वाजले?”

बायको पुस्तिकेकडे बघत राहिली. “अहो,” ती म्हणाली, “हेच आहे की इथे.”

“काय हेच?”

“आई विचारतात. विचारलेलं माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. माझं उत्तर जाईपर्यंत आणखी लागतो. पोचतं तोवर वेळ शिळी झालेली. ते घड्याळ हुशार आहे. ते काय करतं, विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला तो धरतं, त्याचा अर्धा उत्तरात मिळवतं आणि ताजी वेळ लावतं.”

“अर्धा का?”

“अर्धा जाण्याचा, अर्धा येण्याचा. जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला लागला असं समजून चालतं बिचारं.”

“आणि मध्ये टीप मारत बसलीस तो वेळ?”

“तो आधी वजा. डबा तेही सांगतो, कधी ऐकलं आणि कधी उत्तर दिलं ते. तुमच्या डब्याला माझ्यापेक्षा शिस्त आहे.”

काटेवाल्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पुस्तिका स्वतःहून हातात घेतली. मग रोज संध्याकाळी तेच. बायको टीप मारता मारता शब्द विचारायची, ते उत्तर द्यायचे, आणि आई आतून दुरुस्त्या सुचवायची. ‘स्तर’ आला तेव्हा मोठा घोळ झाला. बायको म्हणाली, “सोपं आहे. उपग्रह शून्य स्तर, म्हणजे पणजी. डबा पहिला स्तर, आजी. फलाटावरची घड्याळं दुसरा स्तर, आई. जितकं खाली याल तितका पणजीचा शब्द थोडा थोडा बदलत येणार.”

“पणजी शून्य कशी?” आतून आवाज.

“आई, तसं पुस्तकात आहे.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला पणजी नव्हती.”

‘विचलन’ आईनेच सांगितलं. प्रत्येक घड्याळाच्या पोटात आपला आपला एक स्फटिकाचा खडा असतो, तो ज्याच्या त्याच्या चालीने धावतो आणि विचारपूस बंद झाली की हळूहळू खऱ्या वेळेपासून सरकतो, असं काटेवाल्यांनी वाचून दाखवलं. आई म्हणाली, “तुझे काका असेच. पत्रं येत होती तोवर ठीक होते.”

राहिल्या दोन सुधारणा. ‘झेप सुधारणा’ म्हणजे घड्याळ चुकलेलं दिसलं की एका उडीत बरोबर वेळेवर आणायचं. ‘क्रमिक सुधारणा’ म्हणजे उडी नाही. पुढे गेलेलं असेल तर त्याची चाल किंचित मंद करायची आणि कोणाला कळणार नाही असं वेळेवर आणायचं. फलाटांवर ही दुसरीच लावलेली होती, कारण डोळ्यांदेखत वेळ मागे गेली तर प्रवासी काय म्हणतील. काटेवाल्यांनी दोन्ही व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. बायको म्हणाली, “झालात पास.”

तोंड पास झालं होतं. हातांना कोणी काही शिकवलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ते बाहेरच्या फलाटांच्या रांगेतून चालले होते. त्या रांगेतलं पहिलं घड्याळ बिघडलं म्हणून कंपनीच्या माणसाने नुकतंच बदललं होतं, आणि बदलताना वेळ हाताने लावली होती, अंदाजे. काटेवाले थबकले. शेजारच्या घड्याळाचं मिनिट पालटायच्या थोडं आधी याचं पालटत होतं. सेकंदांचा फरक. दुसऱ्या कोणाला दिसला नसता. त्यांना तो दातात अडकलेल्या कणासारखा बोचला.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर त्या घड्याळासमोर ‘क्रमिक सुधारणा सुरू’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण पडदा होता तिकडे, आणि हात होते इथे. त्यांनी स्टूल उघडलं, वर चढले, आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. शहाण्याची तार काढली.

पूर्ण रांग काळी झाली.

नव्या घड्याळांना वीज आणि वेळ दोन्ही त्या एकाच केबलमधून मिळत होती, आणि ती पहिल्या घड्याळातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी गेलेली होती. काटेवाल्यांनी घाईने केबल परत खोचली. आकडे काही आले नाहीत. आल्या नुसत्या आडव्या रेघा. झोपेतून उठलेलं नवं घड्याळ लगेच वेळ सांगत नाही. आधी डब्याला विचारतं, उत्तर ताडून बघतं, पुन्हा विचारतं, आणि मन भरल्यावरच आकडे लावतं. हेही पुस्तिकेत होतं. काटेवाल्यांना ते पाठ होतं. स्टुलावर उभं राहून ते त्यांना आठवलंही, पण त्याचा आता काय उपयोग?

“घड्याळ नाही, गाडी नाही,” भोंग्याने इंजिन बंद करत सांगितलं. त्याचं बघून शेजारच्याने केलं, त्याचं बघून पलीकडच्याने. मागून येणाऱ्या गाड्या फाटकापाशी अडकल्या. प्रवासी एकमेकांना वेळ विचारू लागले आणि प्रत्येकाच्या मनगटावर वेगळी निघाली. कर्ण्यातून सूचनाबाईंचा आवाज आला, “तांत्रिक कारणास्तव बाहेरच्या फलाटांवर वेळ उपलब्ध नाही. प्रवाशांनी आपापली वेळ आपण सांभाळावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

आगारप्रमुख धावत आले तेव्हा काटेवाले स्टुलावरून उतरले होते आणि आकडे नुकतेच परतले होते.

“मी काय म्हणतो, हे झालं कसं?”

काटेवाल्यांचं तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आत भोंगा बोलून गेला, “उंदीर.”

“उंदीर?”

“असा,” भोंग्याने हाताने माप दाखवलं. शेजारच्या ड्रायव्हरला ते कमी वाटलं, त्याने दोन्ही हातांनी दाखवलं. तिसऱ्याने शेपूट वेगळी धरली. साहेब निघून गेले तोवर उंदराला मिशाही आल्या होत्या. दुपारी कँटीनमध्ये सापळे लागले.

“तुम्ही गप्प राहा,” भोंग्याने काटेवाल्यांना बजावलं. “उद्या पास व्हा. उंदराला कोण टायर विभागात पाठवतंय?”

काटेवाले गप्प राहिले. घरीही गप्प राहिले. बायकोने शब्द विचारले, त्यांनी सगळे बरोबर सांगितले. ती म्हणाली, “मग चेहरा का असा?” ते म्हणाले, “झोप आलीय.” आतून आई म्हणाली, “झोपेचा चेहरा तो नव्हे.”

दुसऱ्या दिवशी आगारप्रमुखांच्या खोलीत परीक्षा. समोर बेसिकली, पुढ्यात उघडा लॅपटॉप. बाजूला साहेब. दाराच्या फटीत भोंगा, आणि त्याच्या मागे कोण कोण.

“बसा काका. सांगा, प्रतिसाद-विलंब?”

काटेवाल्यांनी सांगितला. बोलताना कानात शिवणयंत्राचा आवाज येत होता. स्तर सांगितले, शून्याला शून्यच म्हणाले. विचलन सांगितलं, काकांना वगळून. दोन्ही सुधारणा सांगितल्या.

“अरे वा,” बेसिकली मनापासून म्हणाला. “बेसिकली पुस्तकात आहे तसंच.”

साहेबांनी मान डोलावली. “मी काय म्हणतो, मग...”

“एक मिनिट सर. काल तुमच्याकडे उंदीर आला होता म्हणे?”

दाराची फट थोडी रुंदावली.

“डब्यात सगळी नोंद असते ना,” बेसिकली पडद्याकडे बघत म्हणाला. “बाहेरच्या रांगेतल्या पहिल्या घड्याळाची केबल निघाली. ठीक आहे, उंदीर. पण मग बेसिकली त्याने ती लगेच परत लावली पण. नीट, खटका बसेपर्यंत.”

“मी काय म्हणतो,” साहेब हळूच म्हणाले, “हुशार उंदीर.”

दाराच्या फटीतून भोंगा मानेने जिवाच्या आकांताने ‘नाही नाही’ करत होता. काटेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

“उंदीर मीच,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ पुढे दिसलं. पुढचं बसवायचं असतं, ही सवय. सासूबाईंच्या राज्यात तेच बरोबर होतं, तिथे दुसरा इलाज नव्हता. इथे घड्याळ आपलं आपण सावकाश सुधारत होतं. “आणि मी मध्ये हात घातला,” ते म्हणाले. “क्रमिक सुधारणा मला पाठ होती. काल वर चढताना एकदासुद्धा आठवली नाही. उतरताना आठवली.”

“हे काल का नाही सांगितलं?” साहेबांनी विचारलं. ‘मी काय म्हणतो’ गळून पडलं होतं, म्हणजे साहेब खरंच रागावले होते.

“टायर विभागाची भीती वाटली.”

बेसिकलीने लॅपटॉप अर्धा मिटला. “पुन्हा एखादं घड्याळ पुढे दिसलं, तर काय कराल?”

“आधी नियंत्रण कक्षात जाऊन पडदा बघेन.”

“तिथे ‘सुधारणा सुरू’ असेल तर?”

“काही करणार नाही.”

“आणि नसेल तर?”

“तरी हात लावणार नाही. तुम्हाला फोन करेन.”

बेसिकली आणि साहेब खिडकीपाशी जाऊन बोलत राहिले. साहेबांचं बोट दोनदा मागच्या पत्र्याच्या छपराकडे गेलं, आणि दोनदा खाली आलं. शेवटी बेसिकली परत येऊन बसला. त्याला मोठ्या माणसाला असं सांगणं जड जात होतं, म्हणून त्याने ते टेबलाकडे बघून सांगितलं. “शब्दांत पास, काका. हातांत नापास. बेसिकली घड्याळं तुमच्याकडेच राहतील. पण पुन्हा परीक्षा होईपर्यंत कुठल्याही घड्याळाला हात लावायचा नाही. पडदा बघायचा, फेरी मारायची, फोन करायचा. आणि ही पिशवी सरांच्या कपाटात.”

काटेवाल्यांनी खांद्यावरून पिशवी उतरवली. टेबलावर ठेवताना आतली तेलाची कुपी कलंडू नये म्हणून एकदा सारखी केली. मग हात मागे घेतला.

बाहेर भोंगा वाट बघत होता. “एवढा धष्टपुष्ट उंदीर दिला होता तुम्हाला,” तो म्हणाला, “आणि तुम्ही त्याला मारलात.”

“सापळे काढून टाका,” काटेवाले म्हणाले. “कोणाचा तरी पाय जाईल.”

त्या दुपारी त्यांनी आगाराची फेरी मारली. खांदा हलका होऊन चाल बिघडली होती, नेहमीपेक्षा भरभर पडत होती. बाहेरच्या रांगेत पहिलं घड्याळ शेजारच्याबरोबर मिनिट पालटत होतं. पाठीमागे एका हातात दुसरा हात घट्ट धरून ते खाली उभे राहिले, दोनदा बरोबर पालटलेलं पाहिलं, आणि पुढे गेले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तोच आतून आवाज आला, “टायर का रे?”

“नाही आई. घड्याळंच.”

“मग आवाज का पडलाय?”

त्यांनी बायकोसमोर बसून सगळं सांगितलं, उंदरापासून पिशवीपर्यंत. बायकोने यंत्र थांबवून ऐकलं, हे तिच्याकडून फार झालं. आई भिंत धरत धरत दारापर्यंत आली.

“म्हणजे दिवसभर नुसतं बघायचं?” तिने विचारलं. “हात न लावता?”

“हो.”

“आणि पगार तोच?”

“तोच.”

“अशी नोकरी तुझ्या बापाला कुठे मिळाली,” ती म्हणाली, आणि समाधानाने पलंगाकडे वळली.

बायको अजून त्यांच्याकडे बघत होती. “मला कालच सांगायचं होतंत,” ती म्हणाली.

“हो.”

मग यंत्राखालचा झगा ओढून तिने त्यांच्या मांडीवर टाकला आणि हातात छोटी कात्री दिली. “कंबर घट्ट झालीय. या बाजूची सगळी टीप उसवा. कापडाला कात्री लागता कामा नये.”

काटेवाल्यांनी दिवा जवळ ओढला, टीप शोधली, आणि पहिला टाका उचलला.